मामाचा भोपळा

माझा मामा मोतद्दार होता. म्हणजे शर्यतीच्या घोड्यांना खरारा करायचा, खुरांत अडकलेली माती काढायची, दाणापाणी बघायचं आणि घोडा रुसलाच तर त्याची समजूत घालायची, हे त्याचं काम. अंगाने आडवा, पायाने आखूड, आणि बाईमाणूस समोर आलं की दातखीळ बसणारा. आई म्हणायची, "याचं सगळं बोलणं घोड्यांनीच संपवलंय. माणसांसाठी काही उरलंच नाही."

त्याच्या ताब्यात एक तांबडा घोडा आला. कागदोपत्री त्याचं नाव इतकं भारदस्त होतं की ते कुणाच्याच जिभेवर बसेना. पहिल्या काही शर्यतींत तो असा रमतगमत, इकडेतिकडे बघत धावला, की खोगिरावरून उतरता उतरता जॉकी म्हणाला, "घ्या! पुन्हा भोपळा!" झालं, घोड्याचं नाव भोपळा पडलं ते पडलंच.

तबेल्याचा ट्रेनर डोक्याला हात लावून बसला. पाय उत्तम, छाती उत्तम, घराणं तर विचारूच नका. मग घोडं पेंड खातंय कुठे? एका सकाळी तो मामाला म्हणाला, "याला घेऊन जा कुठेतरी. गावात फिरव, काहीही कर. माझ्या डोळ्यांसमोर नको."

मामा निघाला. तबेल्याच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की उताराचा रस्ता, आणि रस्त्याच्या वळणावर लॉन्ड्री. जॉकींचे रंगीबेरंगी रेशमी सदरे तिथेच धुवायला जायचे. दुकानाची खिडकी रस्त्यावर उघडायची आणि आत एक बाई इस्त्री करत उभी असायची, केसांत पेन्सिल खोचलेली, चेहरा वाफेने लालबुंद. भोपळ्याने थेट त्या खिडकीतून मान आत घातली.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ही म्हणाली, "या! कपडे कुठेत?"

मामा घोड्याच्या आड सरकला. बाईने डब्यातलं गाजर काढून घोड्याला दिलं. भोपळ्याने ते असं खाल्लं की जणू जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याची कदर केली.

त्या दिवसापासून तोच रस्ता, तीच खिडकी आणि रोज एक गाजर. मामा घोड्याकडे बघून मोठ्याने म्हणायचा, "काय रे, आज वारा सुटलाय, नाही?" त्यावर ती घोड्यालाच उत्तर द्यायची, "सुटलाय खरा. सांग तुझ्या माणसाला, मफलर बांधत जा म्हणावं." दुसऱ्या दिवशी मामाच्या गळ्यात मफलर. "सांग त्याला, सदऱ्याचं बटण तुटलंय." दुसऱ्या दिवशी बटण जागेवर, फक्त भलत्याच रंगाचं. दोघं वर्षभर असंच बोलत राहिले आणि भोपळा मधे उभा राहून गाजर खात राहिला. तबेल्यात मात्र मामाने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आणि घोडा धावायला लागला! गाजराने म्हणा, फिरण्याने म्हणा, पण असा धावायला लागला की बाकीचे घोडे त्याच्या मागे नुसती धूळ खायचे. एक शर्यत जिंकली, दुसरी जिंकली, मग हरायचं कसं हेच तो विसरला. ज्यांनी त्याला भोपळा म्हणून हिणवलं होतं, तेच आता मैदानाच्या कठड्यावर चढून बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "भोपळा! भोपळा!" बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, इथे भाजीचा लिलाव चाललाय.

शेवटी मोसमातली सर्वांत मोठी शर्यत आली. भोपळा सुटला तो सुटलाच. शेवटच्या वळणावर त्याने सगळ्यांना मागे टाकलं आणि एकटाच रेषेपार गेला. जॉकीने आनंदाच्या भरात दोन्ही हात वर केले. तीच चूक! लगाम सैल पडताच घोडा थांबायच्या ऐवजी उजवीकडे वळला, जॉकी अलगद गवतावर बसला आणि भोपळा खोगिरासकट तबेल्याच्या मागच्या फाटकातून पसार झाला.

मैदानात हलकल्लोळ माजला. ट्रेनर किंचाळला, "खोगीर! अरे, खोगीर!" कारण जिंकलेल्या जॉकीला खोगीर घेऊन वजनाच्या काट्यावर उभं राहावं लागतं, नाहीतर जिंकलेलं सगळं पाण्यात. आणि खोगीर तर उताराने टापा वाजवत चाललं होतं.

घोडा कुठे गेला असेल ते फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो आधीच पळत सुटला होता. मामामागे ट्रेनर, ट्रेनरमागे लंगडत जॉकी, आणि त्यांच्यामागे उंच टोप्या सावरणाऱ्या बायका, गळ्यात दुर्बिणी अडकवलेले बाप्ये आणि निम्मं गाव.

लॉन्ड्रीच्या खिडकीत भोपळ्याची मान आत आणि उरलेला विजेता बाहेर. बाई त्याच्या कपाळावरचा घाम इस्त्रीच्या फडक्याने पुसत होती. मामाने लगाम धरला, ओढला. घोडा ढिम्म. ट्रेनरने ओढला, घोड्याने शेपटी त्याच्या तोंडावर मारली.

"अरे, काहीतरी कर!" ट्रेनर मामावर ओरडला.

मामाने लगाम सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच घोड्याकडे न बघता तो तिच्याकडे बघून बोलला, "तुम्ही पण चला."

"कुठे?"

"काट्यापर्यंत." मग मफलरचं टोक पिळत म्हणाला, "म्हणजे... त्यापुढेही. तुमची हरकत नसेल तर."

तिने मामाकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "इस्त्री बंद करू दे आधी."

असा जल्लोष झाला की समोरच्या घरांच्या खिडक्या फटाफट उघडल्या. ती पुढे चालली आणि भोपळा तिच्यामागे, मांजरासारखा. खोगीर काट्यावर पोचलं, वजन बरोबर भरलं आणि विजय कायम झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधोमध केसांत पेन्सिल खोचलेली माझी मामी, आणि एका कोपऱ्यात घोड्याचा मालक, अर्धाच. लग्नात ट्रेनरने साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाला, "घोड्याची चालत असती तर त्याचीच घेतली असती."

पुढे भोपळ्याचा एक पाय दुखावला आणि त्याला पैदाशीच्या फार्मवर पाठवलं. मामामामीही तिकडेच राहायला गेले. त्याची शिंगरं मैदानात आली, आणि काय सांगू, जिंकली की थांबायचीच नाहीत! एकाने बँडवाल्यांची रांग उधळली, एक पोर्चमधल्या गाडीच्या टपावर हनुवटी टेकून उभं राहिलं. जॉकी एकमेकांना बजावायचे, "भोपळ्याचं आहे, लगाम सोडू नकोस." तरी सगळ्यांना त्याचंच शिंगरू हवं असायचं.

भोपळा म्हातारा होऊन गेला, गवतात, उन्हात, मामीच्या मांडीवर डोकं ठेवून. मामा रडला. मामी रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "आता आपण दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं?" मग मामाही हसत सुटला.

मामा निवृत्त झाला तेव्हा फार्मवाल्यांनी विचारलं, "काय हवं तुम्हाला?" मामा लाजत म्हणाला, "घोड्यावर बसायचंय." तेव्हा आम्हाला कळलं, हा माणूस उभ्या जन्मात एकदाही घोड्यावर बसला नव्हता! कुणी बस म्हटलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

भोपळ्याची एक थोराड, सुस्त लेक आणली. स्टूल लावलं, वर आणखी एक स्टूल लावलं, आम्ही चौघांनी ढकललं, आणि सत्तरीतला मामा एकदाचा वर पोचला. लगाम मामीच्या हातात. घोडी दुडक्या चालीने निघाली. मामाच्या गालांसकट सगळं हलायला लागलं आणि तो पोराच्या वरताण ओरडला, "अगं, केवढं लांबचं दिसतंय इथून! अगं, पळव की जरा!"

मामीने वर बघितलं, पदर खोचला आणि पळायला सुरुवात केली.