कॉनी आंटीच्या पायांवरची बाळं

भाईंदरपलीकडच्या समुद्रकाठच्या डोंगरीत चार-आठ दिवसांसाठी खोली भाड्याने देणारी घरं त्या काळी पाच-सहा होती, आणि कॉनीचं घर सोडलं तर सगळ्यांचा एकच नियम होता: तान्हं पोर असेल तर खोली नाही. त्यांचंही काही खोटं नव्हतं म्हणा. पोर एवढंसं, पण घर डोक्यावर घेतं. गादी ओली करतं, सकाळी त्याच्या दुधाला स्टोव्ह लागतो, दुपारी पेजेला पातेलं लागतं. मग समुद्राची हवा खायला आलेलं जोडपं भाईंदरच्या बसमधून उतरून, काखेत पोर आणि हातात पिशव्या घेऊन दारोदार फिरायचं. शेवटी कुणीतरी दया येऊन सांगायचं, "कॉनीकडं जा. ती घेते बाळंवाल्यांना."

घेते कसली, वाट बघते! कॉनीचा नवरा काविळीने गेला होता. एकुलता एक मुलगा बॉस्को सत्त्याऐंशी साली बहारीनला एअरकंडिशनच्या कामाला लागला. बाईमाणूस एकटं, घरात तीन खोल्या, आणि शांततेचा तिला मनस्वी तिटकारा. तिने दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि घर बाळांच्या मापाचं करून टाकलं. गाद्यांवर मेणकापड घातलं. आढ्याच्या कडीला साडीची झोळी बांधली. रांगणारं पोर विहिरीकडे जाऊ नये म्हणून नवऱ्याचं जुनं मासळीचं जाळं ओटीच्या दाराला आडवं ताणलं. पोरं त्या जाळ्याला धरून उभी राहायला शिकायची. कितीतरी पोरांनी आयुष्यातलं पहिलं उभं राहणं कॉनीच्या ओटीवर केलं, आणि त्यांच्या बापांना वाटलं की समुद्राच्या हवेचा गुण आला.

पण लोक यायचे ते तिच्या हातच्या न्हाण्यासाठी. सकाळी सातला कॉनी मागच्या दारी पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायची, पाय लांब करायची आणि नडग्यांवर बाळ ठेवायची. कोमट खोबरेल, मग हळद-पीठ, मग कढत वाटेल असं पाणी. नाक, कान, टाळू, सांधा न् सांधा चोळून काढायची. आणि सगळ्यात शेवटी धुरी. मातीच्या शेगडीत निखारे, त्यावर ओवा, लसणीची सालं आणि ऊद. त्या धुरावर बाळ दोन मिनिटं धरायचं, दुपट्यात गुंडाळायचं, आणि ते पोर जे झोपायचं ते थेट दुपारी बारापर्यंत. आया नुसत्या बघत राहायच्या. तीन-तीन महिने जागलेल्या त्या पोरींना पहिली सलग झोप डोंगरीतच मिळाली.

"भाभी, तुम भी सो जाओ," कॉनी त्यांना दटावायची. "बच्चा मेरे पास हाय. मैं काय खाऊन टाकते काय त्याला?"

दहिसरची उर्मिला तर नेहमीची. तिची मानसी चार महिन्यांची असल्यापासून ती दर वर्षी यायची आणि म्हणायची, "आंटी, दुसरं झालं ना, तरी तुमच्याच पायांवर." कॉनी हसायची. दिवसभर हसायची आणि संध्याकाळी बॉस्कोचं पत्र आलंय का म्हणून पोस्टमनला विचारून यायची. दुसऱ्यांची शंभर पोरं पायांवरून गेली, आपलं कधी यायचं, एवढाच तिच्या जिवाला घोर होता.

चौऱ्याण्णव साली आलं. बॉस्कोने लिहिलं की तो, बायको जॉयस आणि आठ महिन्यांचा ॲशली नाताळला येतायत. कॉनीने डिसेंबरच्या सगळ्या पाहुण्यांना नाही म्हटलं. उर्मिलालासुद्धा! नवं मेणकापड आणलं, झोळीला स्वतःच्या लग्नातली साडी लावली, पाट घासून उन्हात ठेवला.

जॉयस मालाडची, शिकलेली, बोलायला मऊ. आल्या संध्याकाळीच ती म्हणाली, "मम्मा, एक सांगते, राग नका मानू. ॲशलीची छाती नाजूक आहे. डॉक्टरने सांगितलंय, धूर अजिबात नको."

राग कसला! कॉनीने त्याच संध्याकाळी रॉकेलचा स्टोव्ह मागच्या पडवीत नेला. शेजारचा लवू पाला जाळायला बसला होता, त्याच्यावर ती अशी तुटून पडली की त्याने बादलीभर पाणी ओतून जाळ विझवला. घरात उदबत्तीसुद्धा नको, असं तिने सगळ्यांना बजावलं. एवढी जिवापाड काळजी घेतली तिने.

दुसऱ्या दिवशी बॉस्को पहाटेच भाईंदरला बाजाराला गेला होता. प्रवासाने दमलेली जॉयस झोपली होती. ॲशली उठला, कॉनीने त्याला उचललं, आणि त्याच्या छातीत बारीक घरघर तिला ऐकू आली. तिने त्याला पायांवर घेतलं. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं तिला झालं. असं पोर तिने बघितलंच नव्हतं. तो तिच्या अंगठ्याला धरून हसत होता, आणि ती "माझा राजा तो, माझा बॉस्को तो," करत रडत होती. पाऊण तास न्हाणं चाललं.

आणि मग तिने शेगडी पुढे ओढली.

तिला दोष द्यायला जीभ सैल सोडू नका कुणी. घरघरत्या छातीची पोरं तिच्याकडे कितीतरी आली होती, आणि धुरीने मोकळी होऊन गेली होती. तिच्या आयने तिला तेच शिकवलं, आयला तिच्या आयने. डॉक्टरने नको म्हटला तो धूर चुलीचा, पाल्याचा, रॉकेलचा. ओव्याची धुरी हे तिच्या लेखी औषध होतं, आणि पोराची छाती भरलेली असताना औषध द्यायचं नाही तर कधी द्यायचं? म्हणून तिने ओवा चिमूटभर जास्तच टाकला.

पोर आधी खोकलं. मग खोकायचंही थांबलं. तोंड उघडं, बरगड्या आत-आत जातायत, आणि ओठांचा रंग बदलतोय. कॉनीच्या किंकाळीने जॉयस उठून धावत आली. तिने शेगडीकडे एकदा पाहिलं, पोर हिसकावून घेतलं आणि अनवाणीच रस्त्याकडे पळाली. लवूने रिक्षा थांबवली. भाईंदरला पोहोचेपर्यंत जॉयस पोराच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याला हाका मारत होती, आणि कॉनी शेजारी ओल्या लुगड्यातच बसली होती.

वाचला. देवाची कृपा, डॉक्टरांचे उपकार, पोर वाचलं. दोन दिवस ऑक्सिजनवर राहिलं आणि तिसऱ्या दिवशी दूध प्यायलं.

दवाखान्याच्या बाकावर बॉस्को तिच्या शेजारी येऊन बसला. तिला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आय," तो म्हणाला, "जॉयसने तुला सांगितलं होतं?"

"हां," कॉनी म्हणाली.

तो उठून आत पोराकडे गेला. नाताळ त्यांनी मालाडला केला आणि तिथूनच ते विमानतळावर गेले. झोळीतली लग्नाची साडी कॉनीने स्वतःच सोडली, कारण सोडायला घरात दुसरं होतं कोण?

जानेवारीत उर्मिला आली, दुसरं बाळ घेऊन. सकाळी सातला तिने बाळ पुढे केलं. कॉनीने पाट मांडला, पाणी काढून दिलं, तेलाची वाटी ठेवली आणि बाजूला झाली.

"आंटी, तुम्ही बसा ना."

"न्हाय गं. मी सोडलं."

"अहो, पण का?"

"तू घाल. तुझं पोर हाय." एवढं बोलून ती विहिरीवर गेली. पाणी भरलेलं होतं तरी गेली.

त्यानंतर कॉनीने कुणाच्याही पोराला हात लावला नाही. खोल्या मात्र द्यायची, तेही बाळंवाल्यांनाच. जाळं तसंच, मेणकापड तसंच. पोर रडलं तर आईला हाक मारायची, रांगत पायाशी आलं तर पाय उचलून घ्यायची. लोक म्हणायला लागले, म्हातारी बदलली, माणूसघाणी झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला! माणूसघाणी असती तर बंद दाराआड उभी राहून त्या पोरांचं पाण्यातलं खिदळणं कशाला ऐकत बसली असती?

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. ॲशली तीन वर्षांचा झाला होता; खिशात श्वासाचा पंप घेऊन फिरणारा, बडबड्या. कॉनी त्याच्याशी दोन हात लांबून बोलली. त्याला खाऊ द्यायचा तर बशी जमिनीवर ठेवून ती मागे सरकली. जॉयस हे सगळं बघत होती.

सकाळी जॉयसनेच पाट मांडला. "मम्मा, हिची छाती ठणठणीत आहे. डॉक्टरला दोनदा विचारलंय. धुरी नको, बाकी सगळं करा. तुम्ही घाला न्हाऊ."

"मी न्हाय घालत आता."

"माझ्यासाठी घाला," जॉयस म्हणाली. "इतकी वर्षं मी बोलले नाही, बॉस्को बोलला नाही, त्यात तुम्ही सुकून गेलात. माझ्या मनात आता काही नाही. खरंच नाही."

अडीच वर्षं ज्या शब्दांसाठी कॉनीने कान टवकारले होते, ते हे शब्द. ती बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पाय लांब केले. जॉयसने मुलगी तिच्या नडग्यांवर ठेवली. कॉनीने बोटांना तेल घेतलं, आणि आधी पोरीच्या छातीला कान लावला. श्वास नीट होता. हात पुढे केला, पुन्हा कान लावला. पुन्हा नीट. पुन्हा लावला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात; हिला तर ताकाची वाटीच उचलवेना. पाणी निवत चाललं. बोटांवरचं तेल मनगटापर्यंत ओघळलं, पण पोरीच्या अंगाला एक थेंब लागला नाही.

"घे, जॉयस," ती शेवटी म्हणाली. "मला जमत न्हाय. खरंच जमत न्हाय, बाय."

जॉयसने मुलगी घेतली आणि शेजारच्या पाटावर बसून स्वतः न्हाऊ घालायला लागली. कॉनी तशीच बसून राहिली, पाय तसेच लांब.

ॲशली ओटीच्या जाळ्याखालून सरपटत निघून मागच्या दारी आला. त्याने अंगातला सदरा काढला, आजीच्या त्या रिकाम्या पायांकडे पाहिलं आणि धपकन त्यांवर बसला.

"ग्रॅनी, मला पण."

कॉनीचे दोन्ही तेलकट हात वर गेले. कानांच्याही वर. तिने ते खाली येऊ दिले नाहीत.

"जॉयस, याला उचल," ती म्हणाली.

जॉयसचे हात साबणाने भरलेले होते. ती जागची हलली नाही. "बसू द्या ना, मम्मा. तो आपणहून आलाय."

पोर मागे रेलून हसत होतं, वाट बघत होतं. त्याची उघडी पाठ तिच्या गुडघ्यांना टेकली होती, आणि प्रत्येक श्वास तिला पायांत कळत होता.

"बॉस्को!" कॉनी हात तसेच वर धरून घराकडे तोंड करून ओरडली. "अरे, कुणीतरी याला घ्या रे माझ्या पायांवरनं!"