मामंजींची गाडी ऐकताना

लग्न होऊन मी साताऱ्याहून कलकत्त्याला आले तेव्हा सत्तर साल उजाडायला सहा-सात महिने होते. भवानीपूरच्या घरात तीन माणसं होती: सासूबाई, मामंजी आणि हे. हे कॉलेजात शिकवायचे, ट्रामने जायचे आणि ट्रामने यायचे. मामंजी डॉक्टर. त्यांचा जन्म कलकत्त्याचाच, शिक्षणही तिथलंच. छातीचे विकार हा त्यांचा विषय. एस्प्लनेडजवळ त्यांचा दवाखाना होता, पण मी यायच्या आधी वर्षभर त्यांनी तो बंद केला होता. वय झालं, पुरे आता, असं ते सांगत. साठी नुकतीच उलटलेली, जिना अजून दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे, त्यामुळे मला त्याचं जरा नवल वाटे.

खाली गॅरेजमध्ये त्यांची गाडी होती. मोठी, काळी, विलायती, सहा सिलिंडरांची. आत लाल चामड्याच्या सीटा, समोर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. ज्यूट गिरणीतला एक साहेब मायदेशी जाताना ती त्यांना विकून गेला होता. मी आले तेव्हा ती नव्वद हजार मैलांच्या वर चालली होती. एवढ्या पळालेल्या गाड्या लोक भंगारात काढत, नाहीतर वरातीसाठी भाड्याने देत. तिचे सुटे भाग विलायतेहून यायचे बंद झाले होते. मल्लिक बाजारात जुन्या गाड्या मोडून विकणाऱ्यांकडे जे मिळेल ते. मामंजींचं म्हणणं साधं होतं: जे पुन्हा मिळणार नाही, ते झिजू द्यायचं नाही.

म्हणून रोज सकाळी चहा झाला की ते खाली उतरत. ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. रेडिएटरचं पाणी, बॅटरीचं पाणी. गाडी जिथे उभी असे तिथल्या फरशीवर वाकून थेंब पडलाय का ते पाहायचं. इंजिन गार असताना कधी पळवायचं नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या मैलांच्या आधीच ऑइल बदलायचं, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी कलकत्त्याची धूळ पाहिलेली नव्हती. दर हजार मैलांनी गाडी बेहालाच्या मिस्त्रींकडे ग्रीससाठी. मिस्त्री मामंजींपेक्षा थोडे लहान, बंगाली, फार कमी बोलणारे. मामंजींना ते डाक्तारबाबू म्हणत, आणि मला पहिल्याच भेटीत बौमा म्हणाले, म्हणजे सूनबाई.

एके दिवशी मामंजींनी मला खाली बोलावलं. इंजिन चालू असताना बाजूला कुणीतरी हवं, असं म्हणाले. मी पदर खोचून उभी राहिले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आवाज कसा येतोय असं विचारलं. मी म्हटलं, चांगला येतोय. ते हसले. "चांगला नको सांगूस. कसा ते सांग." मी जरा कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, शिलाई मशीन चालवल्यासारखी बारीक टिकटिक, आणि खाली पिठाच्या गिरणीसारखी घरघर. त्यांना ते फार आवडलं. मग हे रोजचंच झालं. मला वाटे, नव्या सुनेला रुळवायची ही त्यांची तऱ्हा असावी, कारण वरच्या मजल्यावर मी तशी रुळले नव्हते.

त्याला कारण सासूबाई. त्या फार मोठ्याने बोलायच्या. भाजी काय करायची हे सुद्धा अशा आवाजात विचारायच्या, की माझा हात थांबे. आमच्या घरी एवढ्या आवाजात फक्त भांडण झालं असतं. त्यांना माझं काही पटत नाही अशी माझी खात्री झाली होती. एकदा न्हाणीघरात जाऊन रडलेही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, आई पहिल्यापासून नव्हती अशी, गेल्या काही वर्षांत झालीय.

त्या जानेवारीत फोर्ट विल्यममधल्या एका मराठी कर्नलांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सासूबाई, मामंजी आणि मी, आम्ही तिघं गाडीने गेलो. परत येताना मैदानाच्या कडेच्या रस्त्याला लागलो आणि मला पुढून टकटक ऐकू यायला लागली. बारीक नव्हती, कुणी दारावर बोट वाजवावं तशी. मी मामंजींकडे पाहिलं. ते शांतपणे चालवत होते. गाडीच्या बारीकशा कुरबुरीलाही जागे असणारे ते, आणि आता चेहऱ्यावर काहीच नाही. मी सांगितलं, पुढे काहीतरी वाजतंय. त्यांनी लगेच गाडी कडेला घेतली आणि विचारायला लागले. कुठून? वेग वाढवला की वाढतं का? एकसारखं की थांबून थांबून? मी उत्तरं देत होते आणि ते माझ्या ओठांकडे पाहत होते. बॉनेट उघडलं तर पंख्याचं एक पातं वाकून कशाला तरी लागत होतं. इंजिन बंद करून त्यांनी ते हाताने सरळ केलं. पण त्याआधी, बॉनेट उघडल्यावर तो आवाज आमच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर होत होता, आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता.

घरी आल्यावर मी हे कुणाला सांगावं कळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी सासूबाईंपाशी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी दबकतच म्हटलं, मामंजींना बहुतेक कमी ऐकू येतं. त्यांनी तांदळातून हात काढला नाही.

"मला चार वर्षं झाली कळून," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा हळू आवाज ऐकला. "एक दिवस हाक मारली तर वळले नाहीत. मग मी दुसऱ्या दिवशी थोडं मोठ्याने बोलले. त्यांना वाटू नये, म्हणून सगळ्यांशीच तशी बोलायला लागले. आता सवय झाली बघ."

मी त्यांच्या शेजारी तांदूळ निवडायला बसले. तेवढ्यात जिन्यावर मामंजींची पावलं वाजली आणि त्या नेहमीच्या आवाजात कडाडल्या, की आमटीला चिंच भिजत घाल. मला हसू आवरेना. त्याही हसल्या.

मामंजींनी मला स्वतः सांगितलं ते आणखी आठवड्याने, गॅरेजमध्ये. माझ्या वागण्यावरून त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि मडगार्डला टेकून उभे राहिले. दवाखान्यात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, दम लागतो म्हणून. मामंजींनी त्यांना तीनदा तपासलं आणि हृदय ठीक आहे म्हणून सांगितलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना त्याच छातीत बिघडलेल्या झडपेचा आवाज मिळाला. बाई बऱ्या झाल्या, त्यांनी मामंजींना कधी दोषही दिला नाही.

"तिचं नशीब म्हणून दुसरीकडे गेली," ते म्हणाले. "मी पुढच्या सोमवारपासून दवाखाना उघडला नाही."

मी विचारलं, मग गाडीचं कसं करायचं? मग आत जाऊन त्यांनी त्यांचा जुना स्टेथोस्कोप आणला. त्याच्या टोकाची चकती काढून तिथे पितळेची बारीक कांडी बसवलेली होती. तो त्यांनी माझ्या कानाला लावला.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. कांडी कुठे टेकवायची ते दाखवत: इथे झडपा, इथे पाण्याचा पंप, इथे डायनामो. मी ऐकून सांगायचं. त्यांची एकच अट होती, रोगाचं नाव मी घ्यायचं नाही. "तू फक्त आवाज सांग. निदान आपण मागून करू." सूं, घरघर, किणकिण, खडखड, असे शब्द मी वापरी आणि ते त्यावरून पाना हातात घेत. हॉर्न ऐकू येत नाहीत तर आपण स्टिअरिंगवर बसू नये, हेही त्यांनीच ठरवलं. मला चालवायला शिकवलं. भवानीपुरात साडी नेसलेली बाई तसली अवजड गाडी हाकतेय म्हणून लोक थांबून बघत. ह्यांना सुरुवातीला धास्ती वाटायची. मग रविवारी मागच्या सीटवर वर्तमानपत्र वाचू लागले.

कान बसला म्हणता म्हणता मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले. गाडी वळली की मागून धपकन आवाज येई. मी मोठ्या विश्वासाने मामंजींना घेऊन बेहालाला नेली. मिस्त्री अर्धा दिवस गाडीखाली होते. स्प्रिंगा पाहिल्या, मागचा धुरा पाहिला, चाकं काढली. काही मिळेना. संध्याकाळी त्यांनी डिकीत स्टेपनी परत ठेवायला घेतली आणि तिच्यामागून नारळ काढून माझ्या हातात दिला. कालीघाटाहून येताना सासूबाईंनी ठेवलेला. मिस्त्री चाकं परत बसवायला लागले, तेच जास्त लागलं. मामंजी मात्र घरी येईपर्यंत हसत होते, आणि त्या नारळाच्या वड्या करायला लावल्या त्यांनी.

म्हणून त्र्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर एक वेगळाच आवाज ऐकला तेव्हा मी दोन दिवस गप्प बसले. चौरंगी रस्त्यावर भुयारी रेल्वेसाठी खोदकाम चालू झालं होतं, रस्ते फिरवलेले, गाडी तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालायची. हा आवाज गार असताना नसे. इंजिन तापलं, गाडीला जरा ओढ पडली की खोलवरून यायचा: ठक, ठक, गोधडीत गुंडाळलेल्या हातोडीसारखा. तेलाच्या दाबाचा काटाही तापल्यावर पूर्वीपेक्षा जरा खाली राहत होता. तिसऱ्या दिवशी मामंजींना सांगितलं. त्यांनी दोन्ही तळवे इंजिनावर ठेवून डोळे मिटले. त्यांना काही जाणवलं नाही.

मिस्त्रींनी ऐकून सांगितलं, झडपांचा आवाज आहे, जुन्या गाडीत असायचाच, ठीक करून देतो. त्यांनी झडपांमधली फट मोजून नीट केली. टिकटिक कमी झाली, पण ती ठक तशीच राहिली. मी तसं म्हटलं. मिस्त्री हात पुसत मामंजींना म्हणाले, इंजिन खालून उघडायचं तर दोन दिवस जातील, आणि उघडलेलं इंजिन पुन्हा तसंच बसेल असं सांगता येत नाही. त्यांचं चूक नव्हतं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि मी नारळवाली.

मामंजींनी मला परत विचारलं, आवाज सांग. मी सांगितला. मग ते म्हणाले, एकेका प्लगची वायर काढून ऐक, दोष असलेला सिलिंडर बंद पडला की ठक जाईल. मिस्त्रींनी कोरड्या फडक्याने पहिली वायर काढली. इंजिन लंगडायला लागलं, ठक तशीच. दुसरी, तिसरी, तेच. चौथी काढली आणि ठक जवळजवळ गेली. परत लावली, परत आली. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी स्टेथोस्कोपसाठी हात पुढे केला. बराच वेळ ते वाकून ऐकत राहिले.

मामंजींना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. मिस्त्री उभे राहायच्या आधीच ते म्हणाले, "ही म्हणते तर उघडायचं."

दोन दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा चौथ्या सिलिंडरची बेअरिंग एका कागदावर काढून ठेवली होती. वरचा पांढरा थर घासून खालचं तांबं दिसायला लागलं होतं. आणखी शे-दोनशे मैल चालवली असती तर इंजिनाचा मुख्य दांडाच गेला असता, आणि तो दांडा मल्लिक बाजारातसुद्धा मिळणार नव्हता. मिस्त्रींनी बेअरिंगचा तुकडा मामंजींना न देता माझ्या हातावर ठेवला. "बौमा ठिक शुनेछिलो," एवढंच म्हणाले. सूनबाईने बरोबर ऐकलं होतं. मामंजींना मी ते ओठांनी नीट सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले, आणि फार वेळ पुसत राहिले.

त्यानंतर गाडी आणखी सहा वर्षं आमच्याकडे चालली, एकदाही रस्त्यात न थांबता. मामंजींचं ऐकणं पुढे पूर्ण गेलं. मग ते माझ्या शेजारी बसत आणि मी स्टिअरिंगवरची बोटं आपटून त्यांना इंजिनाचा ताल दाखवत असे. ते मान हलवत. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. आदल्या सकाळी त्यांनी ऑइल पाहिलं होतं.

दोन वर्षांनी ह्यांना नागपूरला नोकरी मिळाली आणि आम्ही निघालो. गाडी तिकडे नेणं शक्य नव्हतं. मिस्त्रींनी ती स्वतःसाठी मागितली. न्यायला आले ते ट्रामने, धुतलेला सदरा घालून, आणि किल्ली हातात न घेता शेजारच्या सीटवर बसले. तुम्हीच चालवा म्हणाले. मी बेहालापर्यंत चालवत नेली. वाटेत त्यांना सांगितलं, तिसऱ्या गिअरमध्ये जरा सूं होतं, तिकडे लक्ष ठेवा. ते म्हणाले, मला माहीत आहे, वर्ष झालं ऐकतोय.

गाडी शेडमध्ये लावून मी उतरले. मिस्त्रींनी चहा मागवला. तो पिऊन मी ट्रामने घरी आले. सासूबाई सामान बांधत होत्या, त्यांना मदतीला बसले.