वंदनाने बंद करायला लावलेली थायरॉईडची गोळी

मैत्रिणींनो, दुपारी साकोलीच्या दवाखान्यातून आले, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मला चार वर्षांपासून थायरॉईड आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून मूल नाही. माझी शाळेतली मैत्रीण वंदना हार्मोनसाठी एक पावडर विकते. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'पेटंट' छापलेलं आहे. ती म्हणाली होती, "आधी ते थायरॉईडची गोळी बंद कर. तिच्यानंच तुले दिवस नाही जाऊन राहिले."

मी ऐकलं. पाच महिने गोळीला हात लावला नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "गोळी कोणी बंद केली? थायरॉईड इतकं वाढल्यावर दिवस कसे जातील?" मी पावडरीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेटंट लिहिलं म्हणजे औषध लागू पडतेच असं नाही, बाई."

बसस्टँडवरूनच वंदनाला फोन लावला. तिलाही थायरॉईड आहे, म्हणून तर मी विश्वास ठेवला होता.

"तू कवा बंद केली वं गोळी?"

ती म्हणाली, "मी कायले बंद करू? मले डॉक्टरनं रोज घ्याले सांगतलं ना."

मी फोन कापला.

उद्या सकाळपासून गोळी पुन्हा सुरू करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. पण दहावीपर्यंत आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, आणि गोळी रोज घ्यायची असते हे तिला माहीत होतं. माझ्या जागी तुम्ही असत्या तर तिच्याशी पुन्हा बोलल्या असत्या का?