बैलाचं नको म्हणालो

डॉक्टरांनी खणातून हृदयात बसवायचे दोन व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले, तेव्हा माझा हात आधी धातूच्या व्हॉल्व्हकडेच गेला. उभी हयात चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला काढलेल्या माणसाचा हात दुसरीकडे जाणार कुठे? त्यात दोन अर्धगोल पाकळ्या होत्या. नखानं ढकलल्या की टक्कन उघडायच्या, सोडल्या की मिटायच्या. प्रेस मशीनचे व्हॉल्व्ह मी इतके बदललेत की मला वाटलं, यातलं आपल्याला कळतं. गाढवपणाची सुरुवात तिथून झाली.

दुसरा मऊ होता, फिकट, कापडी कड्यात शिवलेला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला दोन्ही चालतात, पण तुमच्या जागी मी असतो तर हा मऊ घेतला असता. धातूचा जन्मभर टिकतो, मात्र रक्त पातळ करायची गोळीही जन्मभर घ्यावी लागते. वरचेवर रक्त तपासायचं आणि मार लागू द्यायचा नाही. मऊ व्हॉल्व्ह काही वर्षांनी झिजतो, तेव्हा पुन्हा बघावं लागेल, पण सुरुवातीचे काही महिने गेले की ती गोळी बहुतेक सुटते आणि माणूस पहिल्यासारखा वावरतो. घरी काय असतं, असं त्यांनी विचारलं. बायकोनं सांगितलं, शर्यतीचे बैल आहेत दारात. मग तर हाच घ्या, ते म्हणाले.

मी विचारलं, हा बनतो कशाचा? गुरांच्या हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिचा, असं ते सहज म्हणाले. म्हणजे गाय, बैल.

इथं आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमचं गाव चाकणला लागून. जमीन एमआयडीसीत गेली, पण गाडा राहिला. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे त्या चढाच्या धावपट्टीवर, भोंग्यावरून आमच्या घराचं नाव पुकारलं की बसलेली माणसं उठून उभी राहतात. हे नाव कमावलं माझ्या थोरल्या भावानं. दादा पहाटे उठून बैलांना अंघोळ घालतो, पेंड भिजवतो, उडदाचं पीठ कालवतो, त्यांचे पाय चोळतो. वहिनी गेल्यापासून तो जेवायला आमच्याकडे असतो आणि झोपायला गोठ्यालगतच्या खोलीत. मी काय करायचो? शर्यतीच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कासरा धरायचो आणि फोटो काढून घ्यायचो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

डॉक्टरांसमोर माझ्या डोळ्यांपुढे बैल आले नाहीत. आला तो घाटातला भोंगा, आणि भोंग्यावरून बोलणारा तो आचरट माणूस. याच्या छातीत आता बैल बसवलाय, याला जुंपा डाव्या अंगाला, असं तो म्हणणार आणि सगळा घाट हसणार. पाहुण्यारावळ्यांत, कंपनीच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत तेच. मला धाप लागत होती, जिना चढता येत नव्हता, आणि मी विचार करत होतो लोकांच्या हसण्याचा.

बायको हळूच म्हणाली, "दादांना इचारा की आधी. भाईरच बसल्यात."

दादा खरंच बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसला होता. दार उघडून हाक मारली असती तर पुरे होतं. मी म्हणालो, त्याला काय विचारायचं, त्याला चालणार आहे का? मग डॉक्टरांकडे वळून, छाती होती तेवढी पुढे काढून, मी ते वाक्य बोललो. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

"आमच्या घरात बैलाला देव मानतात. बैलाचं नको. धातूचाच बसवा."

डॉक्टरांनी एकदा नीट विचार करा म्हटलं. मी नको म्हटलं. बायको खाली फरशीकडे बघत राहिली. यात्रेच्या मटणाला मी कधी नाही म्हणालेलो नाही, हे तिला माहीत होतं. बैलाच्या अंगावर मी शेवटचा हात कधी फिरवला होता, तेही माहीत होतं.

ऑपरेशन झालं. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं बांधतात. खोकला आला की उशी छातीशी धरून खोकायचं. हातावर जोर देऊन उठायचं नाही, तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. घरी आल्यावर मला अंघोळ घालायला दादाच यायचा, कारण बायकोला मी पेलत नव्हतो. पाठ चोळताना त्याचा हात एका लयीत वर-खाली जायचा. बैलाला चोळतो तसाच चोळतोयस, असं मी एकदा चिडून म्हणालो, तर तो म्हणाला, दुसरं येतं कुठं मला.

आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, त्या दिवशी कंपन्यांना सुट्टी. पंखा बंद झाला की घर एकदम गप्प होतं. अशा एका गुरुवारी दुपारी माझ्या छातीतला टक टक आवाज पहिल्यांदा बायकोनंही ऐकला. तिनं हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं, थोडा वेळ ऐकलं, आणि पुन्हा निवडायला घेतलं.  बोलली असती तर बरं झालं असतं.

भेटायला माणसं येत होती. कंपनीतला एक जुना सोबती आला, चहा पिता पिता म्हणाला, राव, हल्ली तर जनावराचे व्हॉल्व्ह मिळतात, तुम्ही हे गोळ्यांचं लचांड का घेतलं? आता इथं मला सरळ सांगता आलं असतं. मी म्हणालो, डॉक्टर बैलाचा बसवा म्हणत होते, पण मन धजेना, ज्यांच्या जिवावर आपलं नाव त्यांचंच कातडं काळजात घालायचं का? सोबत्याचे डोळे भरून आले. झालं. आठवडाभरात ही गोष्ट गावभर झाली आणि तिला शिंगं फुटली. मी म्हणे टेबलावरून उठून चालता झालो होतो. मी म्हणे मेलो तरी चालेल म्हणालो होतो. एकदाही मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

गोष्ट दादापर्यंतही गेली. तो संध्याकाळी माझ्या खाटेपाशी आला, माझ्या पायांवरची चादर नीट केली आणि गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा अदबीनं वागायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि तरी, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटायचं.

थंडी सरत आली तेव्हा मी अंगणात फिरायला लागलो. गोठा अंगणातच. जोडीतला उजव्या अंगाचा बैल खोडकर, त्याला आम्ही उजवाच म्हणतो. एका सकाळी मी त्याच्याजवळून जात होतो. त्यानं माशी हाकलायला मान झटकली आणि शिंगाची बाजू माझ्या दंडाला लागली. लागली म्हणजे काय, पूर्वी मी झटकून पुढे गेलो असतो. पण दुपारपर्यंत दंड काळानिळा झाला, संध्याकाळपर्यंत कोपर टम्म सुजलं, आणि मला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. रक्त जास्तच पातळ झालं होतं. गोळीचं प्रमाण बदललं, दोन दिवस ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जनावरांपासून लांब राहायचं. हे डोक्याला लागलं असतं तर? हा प्रश्न त्यांनी दादासमोर विचारला.

घरी आलो तेव्हा गोठा रिकामा होता. दावणी धुऊन ठेवलेल्या, पेंडीचं पातेलं पालथं घातलेलं. मला वाटलं बैल विकले. बायकोनं सांगितलं, विकले नाहीत, तळेगावच्या पुढं आत्याच्या पोराच्या वस्तीवर नेऊन बांधलेत. दादा पहाटे टू-व्हीलरवर जातो, त्यांचं सगळं करतो, परत येतो, संध्याकाळी पुन्हा जातो. या वयात चाकण-तळेगाव रस्त्यावर, त्या कंटेनरच्या रांगांमधून. मी त्याला म्हणालो, अरे कशाला, मीच नसतो गेलो गोठ्याकडं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तू बैलांसाठी एवढं केलंस, मला एवढं करता येत नाही का?

त्या क्षणी बोलायला हवं होतं.  नंतर रोज पहाटे त्याची गाडी सुरू व्हायची आणि मी अंथरुणात पडून ती वळणापर्यंत ऐकायचो. रस्त्यात याला काही झालं तर ते माझ्या एका वाक्यामुळं होईल, हे मला चांगलं कळत होतं. गोठ्यालगतच्या खोलीत झोपणारा माणूस आता रिकाम्या गोठ्यालगत झोपत होता. जेवायला बसला की पहिल्यासारखं बोलायचा नाही. पूर्वी उजव्यानं आज काय केलं, हे ऐकून ऐकून मी वैतागायचो.

मग गावची यात्रा आली. दादानं टेम्पोतून बैल आणले. मला लांब, मंडपात खुर्चीवर बसवलं होतं. आमची बारी, म्हणजे आमच्या गाड्याची धाव, चांगली झाली. मी उठून उभा राहिलो तेवढ्यात भोंग्यावरून माझं नाव पुकारलं. तोच आचरट माणूस, ज्याच्या धाकानं मी हे सगळं केलं होतं, तो माझं गुणगान गात होता. बैलाच्या मायेपायी यानं काळजात लोखंड घातलं, असा माणूस पंचक्रोशीत दुसरा दाखवा, असं तो म्हणाला आणि सगळा घाट टाळ्या वाजवायला लागला. मला स्टेजवर नेलं. शाल, नारळ, आणि माझ्या डोक्याला फेटा बांधला. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. वरून खाली बघितलं तर दादा घामानं निथळत, दोन्ही बैलांचे कासरे धरून, वर माझ्याकडे बघत टाळी वाजवायचा प्रयत्न करत होता. हात मोकळे नव्हते म्हणून त्यानं कासऱ्यासकट हात कपाळाला लावले.

स्टेजवरून उतरलो तो मी थेट टेम्पोकडे गेलो. दादा बैल चढवून मागं फळी लावत होता. आसपास कुणी नव्हतं. मी म्हणालो, दादा, ते सगळं खोटंय. डॉक्टर बैलाचाच घ्या म्हणत होते, गोळी नको, काही नको, बैलांतही वावरता आलं असतं. मी नको म्हणालो ते बैलांसाठी नाही. लोक हसतील म्हणून म्हणालो. आणि तुला चालणार नाही असं तुझं नाव पुढं केलं.

दादानं फळीची कडी लावली. वळला. रागावेल असं मला वाटलं होतं, आणि खरं तर मला ते हवं होतं.

"मी भाईरच व्हतो ना रं बाकावर," तो म्हणाला. "मला का न्हाई इचारलं?"

 उत्तर मला त्याच दिवशी, त्या खोलीतच माहीत होतं. विचारलं असतं तर तो घे म्हणाला असता. मग माझी लाज झाकायला त्याची भक्ती वापरता आली नसती.

"माझ्या भावाला बैलानं जगवलं, असं मी समद्या घाटात सांगत फिरलो असतो," दादा म्हणाला. "त्या भोंग्यावाल्याला हासायला सवड दिली नसती. आता काय सांगू मी?"

तो टेम्पोत मागं बैलांपाशी चढला, उजव्याच्या मानेवर हात टाकून उभा राहिला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. डोक्यावर फेटा, हातात नारळ, अशा अवतारात मी खाली उभा होतो. मी विचारलं, मी येऊ का वस्तीवर? लांबूनच बघीन.

दादानं माझ्या दंडाकडं बघितलं, जिथं अजून पिवळट डाग होता.

"नगं," तो म्हणाला. "लागंल तुला."