जिन्याचा प्रश्न

वालपराईसो शहरातल्या एका टेकडीवर वाढलेली यास्ना कार्कामो गणित शिकली आणि गुडघ्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी तिची भरपूर टिंगल केली. गुडघा दुखतो म्हटल्यावर त्यात मोजायचं काय?

यास्नाला मोजायचंच होतं. दवाखान्यात म्हाताऱ्यांपुढे प्रश्नांचा गठ्ठा यायचा. चालता येतं का, वाकता येतं का, पळता येतं का. अर्ध्यावर माणूस कंटाळायचा आणि उरलेल्या ओळींत एकसारख्या खुणा करून सुटायचा. तिच्या आईनेही तेच केलं होतं. आईचा गुडघा कागदावर ठणठणीत निघाला.

म्हणून यास्नाने संगणकाला प्रश्न निवडायला शिकवलं. आलेलं उत्तर बघून पुढचा प्रश्न. ज्याला खुर्चीतून उठवत नाही त्याला उड्या मारता येतात का, हे विचारायचंच नाही. अंदाज पक्का झाला की थांबायचं. जुन्या रुग्णांच्या उत्तरांवर तिने ते पारखून घेतलं होतं. आज दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर अरांगिस स्वतः बघणार होते. पटलं तर छोटी चाचणी कायम, नाहीतर पुन्हा गठ्ठा.

समोर एदेलमिरामावशी होत्या. सगळी टेकडी त्यांना मावशी म्हणायची. भिंत धरत धरत त्या आत आल्या होत्या. यास्नाने पडद्यावरचा पहिला प्रश्न वाचला. जिने चढताना त्रास होतो का?

"अजिबात नाही," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. संगणकाने मात्र उत्तर खरं मानलं आणि विचारलं, पळता येतं का?

"मागे कुत्रं लागलं तरी नाही."

मग प्रश्न सोप्या हालचालींवर उतरले. खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागतं. मोजे नात घालून देते. उत्तरं एकमेकांशी जुळेनात, तसा संगणक थांबेना. विचारत विचारत अखेर त्याने निकाल दिला: गुडघा फार वाईट. सकाळी नर्सने चिकाटीने भरून घेतलेला गठ्ठाही तेच सांगत होता.

डॉक्टर खूश झाले. चुकलं होतं, पण सावरलं, म्हणाले. ठेवू या.

यास्ना तिथे गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. तिने मावशींना विचारलं, जिन्याचं असं कसं सांगितलंत?

"अगं, जिने चढतंय कोण? मी लिफ्टने येते-जाते. बसून राहायला कसला त्रास?"

टेकडीची लिफ्ट, रुळांवरून वर सरकणारा लाकडी डबा. यास्नाचं बालपण त्याच डब्यात वर-खाली गेलेलं. आणि जिन्याचा प्रश्न पहिला ठेवला होता तिनेच.

ती डॉक्टरांकडे वळून म्हणाली, मावशी बोलक्या, म्हणून निभावलं. एखादा भिडस्त माणूस पुढच्या उत्तरांतही दुखणं झाकेल, संगणक लवकर थांबेल आणि वाईट गुडघा चांगला ठरेल.

"आज कायम करू नका, डॉक्टर."

"स्वतःचंच काम पाडतेस?"

"पाडत नाही. टेकड्यांवरच्या लोकांची उत्तरं घेऊन पुन्हा पारखते. तोवर गठ्ठा चालू दे."

डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यापर्यंत वेळ घे, हवी ती माणसं घे, आणि पहिला प्रश्न तूच ठरव.

मावशी उठल्या. दारात थांबून त्यांनी बाकांवर ताटकळणाऱ्यांना बजावलं, "आत आपल्या टेकडीची पोर आहे. भीड नको, दुखतं ते दुखतं म्हणून सांगा. ती स्वतःचीही चूक झाकत नाही."