दुसरा डोस कुणाचा आधी

लसीकरणाच्या खोलीत मोठ्या सिस्टरची बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे हिपॅटायटिस ए लसीचा अभ्यास दवाखान्यात आला, तेव्हा चांगलं काम आपल्याच वाट्याला येणार, असं ती धरून चालली होती. पण डॉक्टरांनी मुलांचे दोन गट पाडले. एकाला दुसरा डोस सहा महिन्यांनी, दुसऱ्याला वर्षानं. सहा महिन्यांचा गट मिळाला नव्या सिस्टरला, वर्षाचा हिला.

वर्षभरात माणसं घरं बदलतात, नंबर बदलतात. तेरा-चौदा वर्षांची पोरं तर "एकदा टोचलंय की!" म्हणून अंगच झटकतात. फोन करकरून मोठीचा घसा बसला. नवीच्या दाराशी मात्र रांग. डॉक्टर येता-जाता म्हणत, "हिच्याकडून शिका जरा." मोठीच्या अंगाचा तिळपापड होई. कालची पोरगी, सिरिंज धरायला मीच शिकवलं हिला!

एका सोमवारी फोन मोठीनंच उचलला.

"मुलीचा आज डोस होता, पण तिची परीक्षा आहे. गुरुवारी चालेल का? आणि हा माझा नवा नंबर."

मुलगी नवीच्या गटातली होती. अभ्यासात तिचा डोस धरायचा, तर गुरुवार हा मुदतीचा शेवटचा दिवस.

"विचारून कळवते," म्हणून मोठीनं नंबर चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी खिशात घातली.

नवी दोन दिवस जुना, बंद नंबर फिरवत राहिली. बुधवारी तिनं डबाही उघडला नाही. "ताई, माझंच काही चुकलं असेल का हो?"

मोठीला आधी गार वाटलं. मग तिनं आपलाही डबा अर्ध्यावरच मिटला.

गुरुवारी दुपारी तिनं चिठ्ठी नवीच्या टेबलावर ठेवली. "सोमवारी फोन आला होता. मी मुद्दाम सांगितलं नाही."

नवीनं तिच्याकडे पाहिलं आणि नंबर लावला. पाच वाजता मुलगी आली, डोस झाला. जाताना नवी एवढंच म्हणाली, "येते, सिस्टर."

पुढे निकाल आला. दोन्ही गटांतल्या मुलांना संरक्षण जवळपास सारखंच मिळालं होतं. मोठीनं घरी नवऱ्याला सांगितलं.

"मग एवढी जळत कशाला होतीस?"

"मला काय ठाऊक, वर्षानं दिला तरी चालतो ते!"

"अगं, तेच बघायला तर अभ्यास होता."

तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. तरी मनात आलंच, सहा महिन्यांचा गट मला मिळाला असता तर?