मालकाचं नाव सांगा

आमच्या मारुतीच्या पारावर किस्से लिंबू-मिरचीसारखे साचतात. दर शनिवारी नवे बांधले जातात, जुने सोडून टाकायला कुणाला वेळ नसतो. त्यातले निम्मे माझ्या नावावर आहेत, आणि एकातही माझी इज्जत शाबूत राहिलेली न्हाई.

हा पार हिंगोलीच्या बाहेर, वाशिम रोडला. मारुती लहान, पण गाडीवाल्यांचा. नवी-जुनी कोणतीही गाडी घेतली की लोक आधी इथं आणतात. माझे वडील, आण्णा, इथले पुजारी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, चाकांखाली लिंबं. पूजेला बसले की आण्णांचा पहिला सवाल ठरलेला, "मालकाचं नाव सांगा." मग ते नाव संकल्पात इतक्या खणखणीत आवाजात घेतात की रोडपलीकडच्या ढाब्यावरचा भजी तळणारा मान वर करतो.

मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आलो तेव्हापासून त्याच पारावर फोन घेऊन बसतो. आण्णा माणसांच्या पत्रिका बघतात, मी गाड्यांच्या. सरकारी ॲपात नंबर टाकायचा. गाडी कोणत्या प्रकारची, कधीची, कितवा मालक, इन्शुरन्स जिवंत की मेला, फायनान्सचा बोजा आहे की उतरला, सगळं दिसतं. मालकाचं नाव मात्र पूर्ण दिसत न्हाई, मधल्या अक्षरांवर फुल्या मारलेल्या असतात. कायद्यानं एवढंच. पुढचं पाहिजे तर आरटीओत अर्ज करा, न्हाईतर पोलिसात जा. लोक मला 'इंजिनेर' म्हणतात. ज्यांनी कॉलेज पूर्ण केलं त्यांना कुणी म्हणत न्हाई.

आता घरातली गोष्ट. माझ्या मायचं माहेर सिद्धेश्वरला, धरणाजवळ. दरवेळी एसटीतून उतरलं की मामा म्हणायचा, "काय पुजारीबुवा, जगाच्या गाड्या पूजून राहिले, आन तुमी अजून डेपोच्याच गाडीत?" आण्णा हसायचे. माय एकदा न्हाई हसली. "आता येईन तर स्वतःच्या गाडीनं, न्हाईतर येणार न्हाई," म्हणाली आणि खरंच गेली न्हाई. दोन दिवाळ्या झाल्या. भाऊबीजेचं ताट ती देवळातल्या मारुतीपुढं ओवाळते.

त्यामुळं आण्णांनी जुनी व्हॅन घ्यायचं काढलं. त्यांचे यजमान बापूसाहेब यांची. मी म्हटलं, आधी नंबर टाकून बघतो. आण्णा भडकले. "ज्या माणसाच्या घरी मी जन्मभर सत्यनारायण सांगून राहिलो, त्याचा नंबर टाकू? माणूस बघायचा असतो, नंबर न्हाई."

माणूस बघून काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

*

मी माझी पहिली मोटरसायकल माणूस बघूनच घेतली होती. माणूस फार चांगला होता. गळ्यात माळ, बोलण्यात 'माऊली', कागदं "उद्या आणून देतो" म्हणाला. आण्णांनी स्वतः पूजा केली.

कनेरगाव नाक्यावर हवालदारानं हात केला. नंबर बघितला, हातातल्या मशीनमध्ये टाकला, आणि माझ्या मागं, रोडच्या पार टोकापर्यंत बघायला लागला.

"काय झालं साहेब?"

"ट्रॅक्टर कुठाय?"

"कोणता ट्रॅक्टर?"

"ह्या नंबरचा. तू ट्रॅक्टरवर बसून आलेला दिसून राहिला मला."

मी म्हटलं, साहेब, मशीनची सिस्टीम चुकली असंल, सर्व्हरचा लोच्या असतो, डेटाबेस असा असतो, तसा असतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इंजिनिअरिंगला होता का?"

"व्हय."

"सोडलं?"

"व्हय."

"बराबर हाय."

गाडी चोरीची निघाली, नंबर कुठल्यातरी ट्रॅक्टरचा लावलेला. ती तिथंच राहिली, तिच्या खऱ्या मालकाकडं जाण्यासाठी. ह्या सगळ्या गोंधळात हवालदार लायसन विचारायचं विसरला, ही आमच्या पूर्वजांची पुण्याई; माझं लर्निंग कधीच मेलेलं होतं. मी हेल्मेट मांडीवर घेऊन एसटीनं घरी आलो.

आण्णा म्हणाले, "मी पूजा केल्ती, तरी असं काहून झालं?"

"तुमची पूजा बराबर पोचली आण्णा. ट्रॅक्टरला पोचली."

*

पारावर रोज पेपर वाचायला एक रिटायर काका येतात. तहसीलमध्ये क्लार्क होते. पेपर दुसऱ्याचा, चहा तिसऱ्याचा, आणि कायदा मात्र स्वतःचा. एक दिवस तणतणत आले. त्यांच्या गेटसमोर कुणीतरी रोज कार लावून जात होतं.

"हा नंबर घे. मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल काढ."

मी नंबर टाकला. "काका, नाव फुल्याफुल्यांचंच दिसतं. पत्ता, मोबाइल कुणालाच दिसत न्हाई."

"नाव झाकलं काहून? नवी नवरी हाय का ती? तू कॉलेज सोडलं म्हणून तुला दिसत न्हाई. दुसरं काय दिसतं?"

"जुनी पेट्रोल गाडी. इन्शुरन्स संपला."

"इन्शुरन्स न्हाई?" काका पेटले. "असल्या नालायक लोकांमुळं देश मागं हाय. ह्याच्या बापानं ह्याला काही शिकवलंच न्हाई."

मी म्हटलं, पोलिसांना फोन करा, ते मालकाला फोन करून गाडी हटवायला सांगतात. काका म्हणाले, "माझा फोन कशाला, तुझ्यावरून लाव." लावला. काकांनी इंग्रजीत तक्रार दिली, नंबर दोनदा सांगितला, मालकावर कडक कारवाईची मागणी केली.

आम्ही चहा संपवतोय, तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर कायम चालू.

"नमस्कार, पोलीस ठाण्यातून बोलून राहिलो. तुमची कार एका म्हाताऱ्या माणसाच्या गेटसमोर उभी हाय. त्याला लई तकलीफ होऊन राहिली. काढून घ्या."

ती कार काकांनीच कधीकाळी भरोशावर विकलेली होती; आता रंग बदललेला, नंबरही त्यांच्या ध्यानात नव्हता. सह्या करून फॉर्म दिले होते. घेणाऱ्यानं ते आरटीओत नेले न्हाईत, आणि काकांनी कधी विचारलं न्हाई. तहसीलमध्ये लोकांना "कागद पूर्ण करून या" म्हणून परत पाठवण्यात ज्यांची नोकरी गेली, ते हे काका.

मी म्हटलं, "काका, बापाचं काय म्हणत होता तुमी?"

*

एक गुरुजी आले. नव्यानं घेतलेल्या जुन्या कारचा नंबर पुढं केला. मी सांगितलं, गुरुजी, इन्शुरन्स संपलाय, फिटनेस संपलाय, डोक्यावर बोजा आहे.

गुरुजी म्हणाले, "ते राहू दे. आकड्यांची बेरीज नऊ येते का, ते बघ."

*

मी स्वतः शहाणा आहे, असं कुणाला वाटू नये म्हणून हा किस्सा.

देवळात मुलगी बघायचा कार्यक्रम होता. मुलगा मोठ्या गाडीतून आला. मुलीच्या चुलत्यानं मला हळूच कोपऱ्यात ओढलं. "पोरगं म्हणून राहिलं, गाडी स्वतःची हाय. बघ जरा."

मी बघितलं आणि माझे डोळे चमकले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काका, ही कार न्हाईच. सरकारी रेकॉर्डला हा पाण्याचा टँकर हाय. चोरीचा नंबर लावून आले हे लोक."

मुलाच्या बापाच्या हातात पोह्यांचा चमचा तसाच राहिला. मला दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकदाच उघडं पाडल्याचा आनंद झाला होता. म्हटलं, माझा ट्रॅक्टर वसूल झाला.

तेव्हा खाली मान घालून बसलेली नवरी मुलगी मान वर न करता म्हणाली, "दादा, वाशिमची गाडी हाय. वाशिमला एमएच सदोतीस असतो. तुमी अडोतीस टाकलं."

हिंगोलीची सवय. बोट आपोआप अडोतीसवरच जातं. सदोतीस टाकलं तर गाडी एकदम स्वच्छ.

लग्न जमलं. मुलाच्या बापानं आण्णांना आग्रहाचं निमंत्रण दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "इंजिनेरला बी आणा. वऱ्हाडाच्या पाण्याचं तेच बघतील."

*

तांड्यावरचे लोक एक जीप घेऊन आले. सगळ्यांनी मिळून घ्यायची होती. विकणारा सोबतच होता, पांढरे कपडे, गॉगल डोक्यावर. तांड्याची म्हातारी पुढं झाली. तिला सगळे याडी म्हणत होते, म्हणजे आई.

तिनं मला विचारलं, "आमचे बापजादे बैलं घेताना दात बघायचे. हिचे दात तुझ्या फोनात दिसतात म्हणं?"

"दिसतात याडी." नंबर टाकला, ह्या वेळी जिल्हा दोनदा बघून. "फायनान्सचा बोजा तसाच हाय. आन फिटनेस कधीचाच संपला."

याडी विकणाऱ्याकडं वळली. "दात पाहिले बाबा. आता शेपूट धरून घरी ने."

गॉगलवाला निघून गेला. आण्णा गाभाऱ्यात होते, म्हणून मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "बघा, काही लोक अजून माणूस बघूनच गाड्या घेतात."

याडीनं माझ्याकडं खालून वरपर्यंत बघितलं. "तुझा बाप हाय न्हवं तो आत?"

"व्हय."

"मग तो काय म्हणतो ते ऐक. त्यानं तुझे दात न बघता तुला कॉलेजात टाकलं. तरी अजून दावणीला ठेवलंय न्हवं."

*

हे सगळं होऊनही आण्णा ऐकेनात. व्हॅन दसऱ्याला आणायची, पूजा करायची, मायला सिद्धेश्वरला न्यायचं, ठरलं. मी विचारलं, "चालवणार कोण? तुमाला सायकल येत न्हाई, माझं लायसन न्हाई."

आण्णांनी गाभाऱ्याकडं बोट केलं. "चालवणारा तो बसलाय."

आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारला की ते देवाच्या अंगावर ढकलतात, आणि देव बिचारा काही बोलत न्हाई. मायला सांगून बघितलं, की बाई, एकदा तरी नंबर बघू दे, तुझ्या नवऱ्याला फसवून राहिले. तिला वेळ नव्हता. त्या दिवसांत ती रोज सकाळी भजनी मंडळात जायला लागली होती. गाता तिला येत न्हाई. घरी आली की डाव्या पायाला तेल चोळत बसायची.

"भजनात डावा पाय कसा दुखतो गं माय?"

ती काही बोलायच्या आधी आण्णाच म्हणाले, "ताल धरत असंल."

दसऱ्याला पारावर गाड्यांची रांग. ट्रॅक्टर, ऑटो, जीप, मोटरसायकली, सगळ्यांना झेंडूच्या माळा. बापूसाहेब व्हॅन घेऊन आले. पांढरीशुभ्र, धुऊन पुसून. खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणाले, "एका हातची गाडी हाय. माझ्याशिवाय कुणी मालक न्हाई झाला हिला."

मी फोन काढला. आण्णा म्हणाले, "टाकू नको." मी टाकला. अडोतीसच होतं, तीनदा बघितलं.

गाडी बराबर. इन्शुरन्स चालू. बोजा न्हाई. आणि खाली, मालक: दुसरा.

मी पारावर चढलो. हे सांगायला लाज वाटते, पण खरंच चढलो. "आण्णा, फसले तुमी. ही गाडी आधीच दुसऱ्याच्या नावावर झाली हाय. ताजी ट्रान्सफर हाय. एकच गाडी दोघांना विकून राहिले हे तुमचे सत्यनारायणवाले."

रांगेतली सगळी इंजिनं बंद झाली. काका पेपर खाली ठेवून म्हणाले, "नाव काय त्या दुसऱ्याचं?"

"फुल्या हायत."

बापूसाहेबांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी मारुतीकडं बघितलं. मग बापूसाहेब माझ्याकडं वळून सावकाश म्हणाले, "इंजिनेर, तुझा ट्रॅक्टर सापडला का?"

लोक हसले. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आण्णा पाटावर बसले. स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, तळहातावर पाणी घेतलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "मालकाचं नाव सांगा."

बापूसाहेब मागं सरकले. गर्दीतून माय पुढं आली. नवं लुगडं, हातात भाऊबीजेचं ताट. आण्णांच्या शेजारी, जिथं यजमान बसतात तिथं बसली.

"सुमन," ती म्हणाली.

आण्णांनी आयुष्यात कधी तिला नावानं हाक मारलेली न्हाई. "ऐकलं का" न्हाईतर "अगं ए." त्या दिवशी त्यांनी संकल्पात तिचं नाव घेतलं, पूर्ण, गोत्रासकट, एकाही अक्षरावर फुली न मारता. ढाब्यावरच्या भजीवाल्यानं मान वर केली.

नारळ फुटला. मी पारावरून खाली उतरलो. इज्जतीतलं जे काही शिल्लक होतं ते गोळा करून म्हटलं, "ठीक हाय. पण चालवणार कोण, ते अजून कुणी सांगितलं न्हाई."

मायनं बापूसाहेबांकडून किल्ली घेतली. ताट आण्णांच्या हातात दिलं आणि त्यांना डाव्या बाजूला बसवलं. स्वतः उजव्या बाजूचं दार उघडलं, लुगडं सावरलं, क्लचच्या, डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवली.

"भजनाला उशीर होऊन राहिला," ती म्हणाली.

चारही लिंबं एकदमच फुटली. व्हॅन रोडला लागली, वाशिमकडं न वळता सिद्धेश्वरच्या वाटेला, औंढ्याकडं वळली, आणि जराशी पुढं जाऊन थांबली. मी धावत गेलो.

"मागं बस," माय म्हणाली. "आन दार हळू लाव. मालकीण मी हाय."